रंध्याखाली गेलेला सोनेरी रंग

दोन हजार पंधराच्या दुष्काळात लोकांनी बैलं बाजारात नेली आणि धारूरच्या धोंडीराम सुतारांच्या दारातली वर्दळ थांबली. औतच चालत नव्हतं, तर कुळव कोण करून घेणार? साठीतला माणूस, गुडघे दुखरे, तरी ऊसतोडीला जायच्या तयारीला लागला.

तेवढ्यात कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या केसरबाई पोतंभर लाकूड घेऊन आल्या. औरंगाबादच्या एका संग्रहालयानं जुन्या चित्रांच्या किडलेल्या चौकटी बदलल्या होत्या. त्यातलं धड उरलेलं हे सागवान. त्याच्या वस्तू संग्रहालयाच्याच दुकानात विकायच्या होत्या.

"मामा, कुंकवाचे चौकोनी करंडे जमतेन का?"

"न जमायला काय झालं?"

धोंडीरामांनी जीव ओतून पंधरा करंडे केले. लाकडावरचा काळपट सोनेरी थर रंध्यानं साफ काढला, वर खोबरेल चोळलं. केसरबाईंनी एक करंडा उचलला आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"काय चुकलं का, बाई?"

"मामा, त्यो रंगच ठिवायचा व्हता. शंभर वर्साचा हाय. त्याच्यासाठीच तर लोक घेतेत."

धोंडीरामांनी करंडा परत हातात घेतला. "मला वाटलं, मळ हाय. कुणाची तरी मेहनत मी रंध्याखाली घातली."

"तुमी कावून मनाला लावून घेता? सांगायचं मीच इसरले."

चूक आपलीच, असं केसरबाईंनी संग्रहालयातही सांगितलं. धोंडीरामांना सोबत नेलं होतं. दुकानातल्या बाई रागावल्या नाहीत. हे करंडे साधे म्हणून ठेवू, म्हणाल्या, आणि एक जुनी चौकट उलटी करून त्यांच्यापुढं धरली. धोंडीरामांनी कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"खिळा न्हाई कुठं. लई गुणाचा हात हाय." करणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चौकटीला हात जोडले.

उरलेल्या लाकडाचे करंडे त्यांनी सोनेरी बाजू वर ठेवून केले. रंध्याला हातही लावला नाही. दिवाळीच्या आत सगळे विकले गेले, पाठोपाठ दुसरं पोतं आलं. त्या साली धोंडीराम उसाला गेले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, थोडी औतं पुन्हा चालू झाली. कुळवाच्या कामातून वेळ काढून धोंडीराम एकदा संस्थेत गेले.

"बाई, त्या दिवशी तू मला टाकून बोलली असतीस, तर मी रंधा-पटाशी परत हातात धरली नसती."

केसरबाईंनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा मामा, च्या टाकते."