अक्काने आखलेल्या रेषा

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी नामपूरच्या मार्केटात होतो. कांद्याचा लिलाव चालू होता, तिचा आवाज नीट ऐकू येईना. "मामा, आई गेली," एवढं मात्र कळलं... भोवतालची बोली तशीच चढत राहिली.

अक्का माझी मोठी बहीण. दाजी अंबडला कारखान्यात होते. ते अचानक गेले आणि पुढे, पन्नाशीला टेकल्यावर, गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून ती शेअर बाजार शिकायला बसली. सुरुवातीला तिने बहुतेक जण करतात तेच केलं. एक शेअर पडत होता. स्वस्त मिळतोय म्हणून ती आणखी घेत गेली, आणि तो आणखी पडत गेला. शेवटी विकला तेव्हा दाजींच्या फंडाचा मोठा भाग बुडाला होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतरची अक्का मला नवीनच होती. भाव आधीच्या उंचीला ओलांडून, भरपूर उलाढालीसह वर जाईपर्यंत ती हात लावायची नाही. घेण्याआधी चार्टवर भावाच्या खाली एक आडवी लाल रेषा आखायची आणि तिथे विक्रीची ऑर्डर लावून ठेवायची. भाव तिथवर उतरला की शेअर आपोआप विकला जायचा. भाव चढला तर रेषा वर सरकवायची. खाली कधीच नाही. "पडायला लागल्यावर ठरवू म्हटलं की माणूस स्वतःलाच फसवतो," ती म्हणायची. "डोकं शांत आहे तोवर ठरवून टाकायचं." कित्येक दिवस ती नुसती पडद्यासमोर बसून असायची. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "म्हणजे आजचा दिवस फुकट?" तर हसून म्हणाली, "बसणंच अवघड शे, भाऊ." मुग्धाचं इंजिनिअरिंग त्या बसण्यावरच झालं.

आजार कळला तेव्हाही तिने शांत डोक्यानेच ठरवलं. मुग्धाला आणि मला समोर बसवून म्हणाली, "माझ्या हाताने घास घेता येईनासा झाला की उपचार बंद. मला घरी न्यायचं. कुणी रडून ते बदलायचं नाही."

तो दिवस आला. नर्सने चमच्याने पेज भरवली आणि अक्का माझ्याकडे बघत राहिली. पण डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं होतं. मुग्धाने तिचा हात धरला. "आई, एकदाच... माझ्यासाठी." अक्काने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बरं."

आयुष्यात तिने रेषा खाली सरकवली ती तेवढी एकदाच. औषध सोसलं नाही. घरी यायचं राहून गेलं.

दशक्रियेनंतर मी अक्काच्या फ्लॅटवरच थांबलो होतो. मुग्धा रोज विचारायची, "मामा, मी तिला जाऊ द्यायला हवं होतं का?" मी चहा टाकायला उठायचो. एका सकाळी आम्ही चहा घेत असताना अक्काचा फोन वाजला. बँकांची कामं उरकेपर्यंत तो चालू ठेवला होता. मेसेज होता. मुग्धाने वाचला, पुन्हा वाचला आणि कप खाली ठेवला.

"आईने शेअर विकले," ती म्हणाली.

बाजार पडला होता. भाव अक्काच्या रेषेवर आला आणि तिने लावलेली ऑर्डर पुरी झाली, एवढंच. दोघांनाही ते समजत होतं. तरी मागच्या खोलीकडे बघायला माझी मान वळेना.

अजून दोन कंपन्यांचे शेअर तिच्या नावावर आहेत, त्यांच्याखालीही तिच्या रेषा आहेत. कागदपत्रं देऊन खातं बंद करायला हवं. मुग्धा म्हणते, करू... पुढच्या आठवड्यात करू. तोवर बाजार उघडला की ती मागच्या खोलीत जाते, कॉम्प्युटर लावते आणि अक्काच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसते. खुर्चीत नाही.