काठाला आलेली होडी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सातिवलीत एका कंपनीत मी क्वालिटी चेकिंगला आहे. दिवसभर प्लास्टिकच्या डब्यांना गेलेले बारीक तडे शोधायचे, हेच काम. कुणी "अगं, मला सावली दिसली" म्हणालं की माझा पहिला प्रश्न – चष्मा घातला होतास का? पण हे माझ्याच बाबतीत घडलं, त्यामुळे आता माझीच बोलती बंद आहे...

कामण गावाच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. त्याच्या मधोमध जेमतेम चार गुंठ्यांचं बेट. त्यावर माझ्या काकाचं कौलारू घर, दोन जांभळाची झाडं, वालाचा मांडव आणि कोंबड्या. ये-जा करायला एकच होडी. त्यामुळे आमच्याकडचा नियम साधा – होडी ज्या काठाला, माणूस त्या काठाला. मी रविवारी इकडून "काकाऽऽ" अशी हाक मारायची, की तो तिकडून होडी घेऊन यायचा. काकी होती तेव्हा न्यायला तीच यायची. मी बसायच्या आधी पदराने फळी खसाखसा पुसायची. "साडी ओली होईल गो," म्हणायची. मी जीन्समध्ये असले तरी!

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. काका बेटावर एकटा. "माझ्याकडे मनवेलपाड्याला चल, बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे," अशी दर रविवारी माझी कटकट. त्याचं ठरलेलं उत्तर – "तिला इचारल्याबिगर कसा येऊ?" मग विचार की, असं मी फटकन बोलायची आणि नंतर माझाच मला राग यायचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, चहूकडे पाणी... कधी काय होईल, या काळजीने माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. सकाळचे साडेआठ. सगळीकडे दव पडलेलं. आणि होडी – इकडच्या काठाला, खुंटाला नीट बांधलेली.

म्हणजे काका गावात आलाय. उघडच आहे! मी दगडावर बसून राहिले. अर्धा तास, पाऊण तास. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते... मी येणार हे ठाऊक असून हा बसला असेल कुणाच्या तरी ओट्यावर चहा ढोसत. शेवटी बाजूच्या वाडीत वांगी तोडत असलेल्या वैजूवहिनींना हाक मारून विचारलं.

"काका? नाय बा," त्या म्हणाल्या. "मी सातपासून हितंच हाय. होडी मी आले तवापासून अशीच हाय. पन मानूस कोनी नाय उतरला."

म्हणजे काका अजून बेटावरच! धावत जाऊन होडीत बसले, आणि बसता बसता हाताला लागलं – फळी कोरडी होती. कडा दवाने निथळत होत्या, वल्हं ओलं होतं, फळी तेवढी खडखडीत. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. जीव खाऊन वल्हवत गेले.

काका खुराड्यामागे पडला होता. सहाच्या सुमाराला कोंबड्या सोडायला गेला, शेवाळावरून घसरला, खुबा मोडला. हाका मारून मारून आवाज बसलेला, अंग बर्फासारखं गार. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"तू आलीस कशी?" तो पुटपुटला. "होडी तं रातीला मी घराखाली बांदलेली."

"तिकडच्या काठाला होती, काका."

त्याने हळूच विचारलं, "फली?"

"कोरडी होती."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांवर ओघळलं. पण चेहरा असा उजळला... अहो, काकी गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "बरं," म्हणाला. "तिनंच होडी धाडली म्हंजे ती जा म्हनते. चल, येतो तुज्याकडं."

मी परत जाऊन गावातली माणसं आणली, त्यांनी त्याला खाटेवर घालून आणलं. त्याला बरं वाटल्यावर मी सवयीप्रमाणे तपास केला. दोर सुटून वाऱ्याने आली? मग खुंटाला गाठ कुणी मारली? कुणी पोहत जाऊन आणली? त्या थंडीत? आणि कशासाठी? घरोघरी जाऊन विचारलं. कुणीच नाही. आजही मला काही उलगडा झालेला नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला झाला तर जरूर सांगा.

काका आता आमच्याकडेच असतो. वॉकर घेऊन घरभर फिरतो, टीव्हीच्या आवाजावरून माझ्याशी भांडतो. मस्त चाललंय आमचं.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? अजिबात नाही. लाज मात्र वाटते. ती मला न्यायला आली होती आणि मी पाऊण तास तिथेच बसून घड्याळ बघत होते. तिने मला कधी एक मिनिटसुद्धा ताटकळत ठेवलं नव्हतं.

काकी, चुकले गं.