पायाला बांधलेला सुंभ

ओल्या सुंभाचा वास आला की दोन हजार दोन सालची ती दुपार आठवते. मुंबईहून न कळवता मी रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत आलो, तर पडवीत बायको डोळे मिटून, कानांवर हात दाबून बसलेली, आणि अंगणात दोन्ही पोरं कमरेला सुंभाचे दोर बांधलेली. दोरांची दुसरी टोकं हिच्या पायाला. माझं टाळकंच सरकलं. "गुरं आहेत काय गो ती?" मी ओरडलो नि दोर सोडायला धावलो. दोराला हात लागताच हिनं डोळे उघडले. "सोडू नका हो! चिरेखाणीचं मशीन सुरू झालं की मला दुसरं काय ऐकू येत नाय, काय सुचत नाय. पाय ओढला की पोरं कळतात." वाडी तिला येडी म्हणायची, मीपण म्हणायचो. तेवढ्यात धाकटी आमच्या बिनकठड्याच्या विहिरीकडे पळाली. मी तिच्यामागे झेपावलो. दोर ताणला नि पोरगी थांबली, काठापासून हातभर अलीकडे. हिनं तो मोजूनच कापला होता. कठडा बांधायचं दोन वर्षं मीच टाळत होतो. दुसऱ्या दिवशी चिरे आणून बांधला, पण तिला शाणी काही म्हणालो नाही. आता ही गेली, कुणाला म्हणू?