बाल्कनीतला विरोधी पक्ष

ओटावाहून मस्कतला परतताना मला वाटलं होतं, आता निदान कॅनडाच्या राजकारणातून सुटका. इथे कुणाला त्याचं काय पडलंय? प्रत्यक्षात बाबांच्या शुक्रवारच्या नाश्त्याच्या कंपूत प्रत्येकाचं कुणी ना कुणी कॅनडात, नाहीतर तिकडे जायच्या रांगेत. धुळीचं वादळ येऊन गेलं की एसीच्या फिल्टरमध्ये वाळू साठते, तसे माझ्याकडे किस्से साठत गेले.

शिकताना मी तिथल्या विरोधी पक्षाचं काम करायचे. विरोधक जागा असला तरच सरकार सरळ चालतं, हे मी मानायचे. अजून मानते. आमच्या भागातल्या खासदारबाईंनी मला येत्या निवडणुकीच्या प्रचारासाठी परत बोलावलं होतं. पगारी काम, हवं होतं तेच. महिन्याभरात हो की नाही कळवायचं होतं.

*

पहिल्याच शुक्रवारी सावंतकाकांनी घेरलं. काका मालवणचे, इथे एका गॅरेजचे फोरमन.

"काय गो खासदारबाई, तुझो पक्ष करता काय?"

"सरकारला प्रश्न विचारतो, काका."

मी फोनवर संसदेतला प्रश्नोत्तराचा तास लावून दिला. आमच्या नेत्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला. मंत्री तीनदा दुसऱ्याच विषयावर बोलले. तेवढ्या वेळात आमचे नेते कॅमेऱ्याकडे बघून कोट नीट करत होते.

"उत्तर ऐकायचंच नाही, तर विचारतात कशाला?" मस्कतजवळच्या बरका गावी पाण्याच्या प्लांटवर इंजिनियर असलेल्या कांबळेकाकांनी विचारलं.

"व्हिडिओची क्लिप काढायला."

"आमचो अर्बाब, गॅरेजचो मालक, बरो," सावंतकाका म्हणाले. "तोय उत्तर ऐकणा नाय, पण क्लिप तरी काढणा नाय."

*

ओटावात माझ्याबरोबर प्रचार करणारी रेचल अजून पक्षाच्या ऑफिसात आहे. मध्यंतरी तिला फोन केला. घरांच्या किमतींबद्दल आपलं धोरण काय, विचारलं. तिने पक्षाची तीन शब्दांची घोषणा ऐकवली. हवामानाबद्दल विचारलं. तीच घोषणा. दवाखान्यातल्या रांगांबद्दल विचारलं. पुन्हा तीच.

स्पीकर चालू होता. आई पोहे परतत होती. ती हळूच म्हणाली, "तिला नुकतं बाळ झालंय ना? त्याचं नाव काय ठेवलंय तेही विचार."

*

मग मला हिवाळ्यातल्या प्रचारातल्या एक आजी आठवल्या. बर्फात दारोदार फिरून माझे ओठ बधिर झाले होते. आजींनी आत घेतलं, चहा दिला. मी सरकारने काय काय वाटोळं केलं ते सगळं ओतलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरकार वाईट आहे हे मला ठाऊक आहे, बाळ. तुम्ही काय करणार ते सांग."

मी ऑफिसात येऊन त्यांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. प्रचारप्रमुख म्हणाले, "ही बाई सरकारची दिसते. तिच्याकडे पुन्हा जाऊ नकोस."

*

इकडे आमच्या कंपूतही मतदान झालं. सुट्टीत सूर बंदरात जहाजं बांधतात ती बघायला जायचं, की बरक्याला मासे खायला? बरक्याचा प्रस्ताव कांबळेकाकांचा, त्यामुळे सावंतकाका पेटले.

"दर वेळी ह्येचाच ऐकूचा? ह्यो अन्याय आसा. बरक्याक मी येवचंय नाय!"

इतकं तळमळून बोलले की मी टाळ्या वाजवल्या. मग बाबांनी हात वर करायला सांगितलं. तेवढ्यात काकांना फोन आला म्हणून ते बाल्कनीत गेले. बरका एका मताने जिंकला. काका आत आले, फोन खिशात टाकला आणि थेट कांबळेकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"काका, तुमचा विरोध होता ना?"

"विरोध अजून आसा. पण सूर लांब पडता. उपाशी कोण रवतलो? यल्ला, गाडी काढा."

*

माझी मुदत संपायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारीच, नाश्त्याला आम्ही ओटावातलं आदल्या संध्याकाळचं मतदान टीव्हीवर लावलं. बजेट नापास झालं तर सरकार पडणार होतं. आधी आमच्या खासदारबाईंचं भाषण. "या सरकारला आणखी एक दिवसही राहायचा अधिकार नाही!" काय बोलल्या! माझ्या अंगावर काटा आला. कांबळेकाकांनी उपम्याची बशीसुद्धा खाली ठेवली.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. बाईंचं नाव आलंच नाही. त्यांच्या आजूबाजूच्याही दोन-तीन खुर्च्या रिकाम्या. बजेट पास झालं. सरकार वाचलं.

बाबांनी आवाज कमी केला.

"तिकडे मोबाइलवरूनही मत देता येतं म्हणाली होतीस ना?" कांबळेकाकांनी जपून विचारलं.

"हो."

सावंतकाकांनी बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असांदे गो. बाल्कनीत रेंज नसतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खासदारबाईंच्या ऑफिसला उत्तर पाठवलं : "तुमच्या प्रस्तावाला माझा मनापासून पाठिंबा आहे. करारावर सही करायच्या वेळी मात्र मी बाल्कनीत असेन."