दाळ सोडलेले नाना

“यानी बी काही फरक नही,” म्हणत नानांनी अर्धी स्ट्रिप काउंटरवर आपटली. महिन्यातली ही चौथी वेळ.

नरडाण्याला मी मेडिकलच्या काउंटरवर आहे. घर कोकणात, शाळा नववीत सुटली. शेठ स्वतः फार्मासिस्ट. त्यांनी ठेवून घेतलं, शिकवलं. त्यामुळे कस्टमर चिडला की मला आधी माझी नोकरी जाताना दिसते.

नानांचं दुखणं असं, की लहान आतड्यात जंतू थोडेच हवेत, त्यांचे वाढले होते. मग खाल्लेलं आतच आंबतं, आंबोळीच्या पिठासारखं फुगतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, वर पथ्य. डाळी, दूध, कांदा-लसूण बंद. पोट बसलं नाही तर पुन्हा कोर्स. पहिल्याच कोर्सने नानांचं तोंड आलं होतं, जेवण जात नव्हतं. दुसऱ्याला ते घाबरत होते. म्हणून ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं, सगळं नेऊन झालं. गॅसची गोळी, पुदिन्याच्या तेलाची कॅप्सूल, प्रोबायोटिकची पुडी, हिंगाचं चूर्ण.

“नाना, डाळ खाता का?”

“कितला डाव सांगू? दाय सोडी, दूध सोडं, कांदा बी सोडा. बठ्ठं सोडं. तू डाक्टर शे का गोया इकनारा?”

“नाना, तो मी सांगितलेलंच विचारतो,” शेठ म्हणाले.

गाडीला वेळ होता. नानांनी बाकावर बसून डबा उघडला. भाकरी काळपट दिसली.

“करपली का हो?”

“करपली नही. कयनानी शे.”

“म्हणजे?”

“ज्वारीमा आख्खा उडीद दळतस.”

शेठचा बिल लिहिणारा हात थांबला. ते कळण्याच्या भाकरीवरच वाढलेले, त्यामुळे त्यांना भाकरी कशाची ते विचारायचं सुचलं नाही. आणि मला कळणा हा शब्दच माहीत नव्हता.

“नाना, उडीद म्हणजे डाळच ना?”

“ती भाकर शे,” नाना शांतपणे म्हणाले. “दाय वाटीमा ऱ्हास.”

दोन्ही वेळा, दोन-दोन भाकरी, महिनाभर. शेठ एवढंच म्हणाले, “उद्यापासून नुसत्या ज्वारीची.”

पंधरा दिवसांनी नाना धुळ्याहून परस्पर दुकानात आले. पोट बसलं होतं, दुसरा कोर्स टळला होता. चेहरा मात्र पडलेला.

“कयना पचाले गोयी शे का?”

“डॉक्टरांना विचारा, नाना.”

आता पोटाची तक्रार आली की मी आधी भाकरी कशाची ते विचारतो, गोळ्यांचा ड्रॉवर नंतर उघडतो. गोळ्या थोड्या कमी खपतात. शेठ अजून काही बोललेले नाहीत.