पौर्णिमाताईचं हवामान

तेल्हाऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत पौर्णिमाला पाहिलेली माणसं थोडी, पण तिचा आवाज ओळखणारी घरोघरी होती. अकोल्याला शेतीची पदवी घेऊन ती त्यातल्याच एका गावात सून म्हणून आली. दर रविवारी संध्याकाळी ती येत्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज वाचायची आणि त्यातली बोजड सरकारी मराठी बाजूला सारून, आपल्या वऱ्हाडीत मोबाइलवर दोन शब्द बोलून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. "राम राम मंडळी, या हप्त्यात आभाळ येईन, पन घाबरू नका." ते बोलणं या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये जात थेट अकोटपर्यंत पोचायचं.

तिची सासू मैनाबाई तोंडावर कधी कौतुक करणारी नव्हती. पण पिठाच्या गिरणीवर बायकांत बसली की म्हणायची, "आमची सून म्हंजे आभाळाची तलाठी हाय. तिले इचारल्याबिगर ढग हालत नाई."

त्या वर्षी मार्चमध्ये बिघडलं. लागोपाठ दोन आठवडे अंदाजात 'तुरळक ठिकाणी गारपीट' आली, पौर्णिमानं ती जशीच्या तशी सांगितली आणि गावावर एक थेंब पडला नाही. लोकांनी घाईघाईनं अर्धा ओला हरभरा सोंगून काढला होता, दुप्पट मजुरी देऊन बाया आणल्या होत्या. मग टोमणे सुरू झाले. नळावर, दुकानात, देवळात. मैनाबाईनंही भाकरी थापता थापता सुनावलं, "रोज रोज भेव दाखोते. एखांदा हप्ता चांगलं बोलत जाय ना."

तिसऱ्या रविवारी अंदाजात तेच शब्द होते. पौर्णिमानं मोबाइल हातात घेतला आणि ती म्हणाली, "कुठं तरी थेंब पडतीन मंडळी, आपल्याकडं काई नाई. हरभरा आरामात काढा."

गुरुवारी दुपारी सातपुड्याकडून काळंभोर आभाळ उठलं. आधी वारा सुटला, पत्रे उडाले, मग लिंबाएवढी गार सटासट कोसळायला लागली. वावरात रचून ठेवलेले हरभऱ्याचे ढीग डोळ्यांदेखत भिजले. पानमळे आडवे झाले. मैनाबाईचा ढीगही उघडाच होता. ताडपत्री घरात घडी घालून ठेवलेली होती, कारण सुनेनंच काही नाही म्हणून सांगितलं होतं.

चारसहा दिवसांनी शेजारची गंगूबाई बादली घेऊन अंगणात आली. बादलीत कोंब फुटलेला, वास मारणारा हरभरा होता. तिनं तो सगळा पौर्णिमाच्या उंबऱ्यावर ओतला.

"घे बाई, उसळ कर. आरामात काढला."

मागं उभ्या असलेल्या बाया हसल्या. पौर्णिमानं खाली बसून तो दोन्ही हातांनी पुन्हा बादलीत भरला. कोणी आपल्या घरी गेलं नाही, बादली पूर्ण भरेपर्यंत सगळ्या बघत राहिल्या. त्याच आठवड्यात एका वरातीत पोरांनी तिचं 'आपल्याकडं काई नाई' डीजेच्या ठेक्यावर लावलं. वरात तिच्या दारासमोर मुद्दाम थांबली आणि माणसं मनसोक्त नाचली. तिचा नवरा बंडू आत पंख्याखाली पडून होता. तो उठला नाही.

मैनाबाईनं तर चारचौघांत सांगून टाकलं, "शिकेल सून आणली अन् घरात घात आणला." त्या दिवसापासून तिनं सुनेशी बोलणं टाकलं. नुसतं बोलणं टाकून थांबली नाही. सून जे सांगेल त्याच्या उलट करायचं, हा तिनं नेम धरला. आभाळ आलंय, पापड आत घ्या म्हटलं की म्हातारी मुद्दाम आणखी दोन चादरी पसरायची.

एप्रिल लागला तसा पारा चढला. नव्या आठवड्याचा अंदाज उष्णतेच्या लाटेचा होता. पौर्णिमानं हिय्या करून पुन्हा मोबाइल उचलला. "दुपारी वावरात जाऊ नका मंडळी. म्हाताऱ्या मानसाईले जपा." उत्तरादाखल हसरे चेहरे आले. एकानं लिहिलं, 'म्हणजे स्वेटर काढा रे.'

मंगळवारी दुपारी जेवणं झाल्यावर मैनाबाईनं डोक्यावर पदर घेतला, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला आणि टोपली उचलली. गारांनी झोडपलेल्या वावरात हरभऱ्याचे घाटे सांडून पडले होते, ते वेचायला ती निघाली होती. पौर्णिमा चुलीपाशी होती. तिनं सासूकडं न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हटलं, "आज त्रेचाळीसच्या वर जाईन."

"तू म्हनते तं मंग थंडीच पडन," म्हातारी दाराशीच म्हणाली. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती.

पौर्णिमाला दोन पावलं पुढं होऊन तिचा हात धरता आला असता. पण तिला उंबऱ्यावरचा हरभरा आठवला, वरातीतला नाच आठवला. जाऊ दे, तिच्या मनात आलं. लागू दे चटका. घंट्याभरात येईन परत, मंग समजन. आणि ती भांडी घासायला बसली.

उन्हं कलली तरी म्हातारी आली नाही, तेव्हा तिनं बंडूला उठवलं. मैनाबाई धुऱ्यावर, बांधाच्या कडेला पडलेली सापडली. अंगाला घामाचा टिपूस नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली होती आणि ती काहीतरी असंबद्ध पुटपुटत होती. बंडूनं तिला ऑटोत घातलं. पौर्णिमा वाटेत ओला पदर तिच्या कपाळावर धरून बसली. अकोला यायच्या आत पुटपुटणं थांबलं.

मयतीला आलेल्या बायकांत कुजबूज झाली. गंगूबाई म्हणाली, "सून शिकेल, तिले समदं मालूम होतं. तरी जाऊ देलं."

तेरवी झाल्यावर बंडूनं तिला विचारलं. तो रागात नव्हता.

"माय निघाली तवा तू घरीच होती ना?"

"होती."

"मंग?"

"म्या सांगतलं. त्रेचाळीसच्या वर जाईन म्हनून."

"ते तं तू साऱ्या तालुक्याले सांगतलं," बंडू म्हणाला. "माह्या मायले काय सांगतलं?"

त्या दुपारी जे मनात आलं होतं ते पौर्णिमानं त्याला कधीच सांगितलं नाही.

गावाचं मात्र मत फिरलं. म्हातारी उन्हानं गेली, म्हणजे पौर्णिमाताईचं खरं ठरलं, असं लोक बोलायला लागले. वरातीत नाचलेली पोरंच विचारू लागली, "ताई, या हप्त्याचं काय? बोलल्या नाई तुमी." गंगूबाईनंही कुंपणावरून हाळी दिली, "काव पौर्णिमा, कुरड्या घालू का उद्या? तुह्यावर भरोसा हाय."

रविवारी संध्याकाळी फोन वाजतच राहिला. शेवटी बंडूनंच तो उचलून तिच्यासमोर धरला.

"बोल. लोकं वाट पाहून रायले."

तिनं फोन घेतला. घसा साफ करून म्हणाली, "राम राम मंडळी." तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. बंडूनं चप्पल पायात सरकवली आणि ती बोलत असतानाच तो बाहेर निघून गेला.