पाणी मिळेल अठ्ठावीस वर्षांनी

साऱ्या शिराळा तालुक्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका हट्टी माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला यांनीच हाताखाली तयार केलं असणार! उमेद फौजेत गेली, बिनतारी संदेशाच्या कामात. गावी परतले आणि नदीचं पाणी उपसून शेतांना देणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी झाले. तिथं एक जुनाट संगणक आहे. कुणाच्या उसाला मागचं पाणी कधी मिळालं ते बघून तो महिन्याच्या पाळ्यांची यादी छापतो. काकांचा त्याच्यावर भारी जीव. उन्हाळ्यात पंखा संगणकाकडे आणि अध्यक्ष घामाघूम. अध्यक्षांनी एकदा कुरकुर केली तर काका म्हणाले, "तुमी बाहीर जाऊन बसा की. त्याला पाय हाईत का?" ऑफिस बंद करताना त्याच्यावर फौजेतलं कांबळं घालतात. मावशी म्हणते, "माझ्या अंगावर कवा शाल टाकलीया का, इचार त्यास्नी!"

या डबड्याला दोन हजार पंचवीसच्या पुढचं साल कळत नाही, हे मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होतो. सांगलीत माझा धंदाच संगणक दुरुस्तीचा. पण पिकतं तिथं विकत नाही! काकांनी स्वतःच तोड काढली. घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागं नेलं. "वार न् तारीख जुळतीया, झालं की! उसाला साल कशाला पायजे?" मग शंभरावर शेतकऱ्यांच्या मागच्या पाण्याच्या तारखाही एका बोटानं टाईप करत तितक्याच मागं ओढल्या. युक्ती बिनतोड होती, आणि मला राग आला तो त्याचाच.

एक जानेवारीला यादी फळ्यावर लागली. सगळ्यांचं बरोबर. फक्त एका शेताची तारीख मागं ओढायची राहिली होती, काकांच्या स्वतःच्या! संगणकाच्या मते त्यांचं मागचं पाणीच अजून अठ्ठावीस वर्षांनी व्हायचं होतं. यादीत नावच नाही.

मावशीचा फोन आला तसा मी गाडी काढली. काकांची कोवळी लागण, नुकताच लावलेला ऊस, माना टाकत होती. मी म्हटलं, "आवं काका, अर्ध्या मिनिटाचं काम हाय. तारीख बदला, नवी यादी लावा."

"फळ्यावर लागलेल्या यादीत म्हैनाभर बोट घालायचं न्हाई. नियम माझाच हाय. सेक्रेटरीनं सोताचं नाव मागनं घुसडलं तर लोकांला तोंड कसं दावू?"

"ऊस मरतोय तुमचा!"

"मरू दे!" म्हणाले खरे, पण आवाज चिरकला. माझं डोकंच फिरलं. असला प्रामाणिकपणा काय जाळायचाय? कष्ट यांचे, चूक यांची, अन् शिक्षाही हेच भोगणार! तसं तोंडावर बोललो आणि न जेवता झोपलो.

सकाळी आम्ही दोघं शेतावर गेलो तर काकांच्या उसात पाणी खळखळत होतं. शेजारच्या शेताचे आण्णा पाट फोडून फावड्याला टेकून उभे होते. त्या दिवशीची पाळी त्यांची.

काका कडाडले, "बंद करा आधी! यादीत माझं नाव न्हाई!"

"माझं हाय की," आण्णा म्हणाले. "माझ्या पाळीचं पाणी मी कुठं सोडायचं, ते बी संगणक सांगणार व्हय? आज दोन तास माझं, उद्या खालच्या शेतवाल्याचं. ठरलंय आमचं."

आता काका काय तोफ डागतात म्हणून मी थांबलो. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. मग चपला बांधावर काढून पाण्यात उतरले आणि खाली बघतच मला म्हणाले, "फावडं आण रं, वरच्या सरीला पाणी चढंना."